क्रेडिट कुणाला, अनुदान कुणाला? अमेरिकेतल्या एका योजनेचा सत्तर वर्षांचा हिशोब

१९५४ हे साल आपल्या चळवळीतल्या बहुतेकांना एका निकालामुळे माहीत असते. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात सांगितले की गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य आहे. त्याच वर्षी अमेरिकेत आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. मोजक्या शाळांतल्या मुलांवर एका नव्या परीक्षेचा प्रयोग चालू होता. शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा विषय शिकायचा, परीक्षा द्यायची आणि कॉलेजात गेल्यावर त्या विषयाचे क्रेडिट आयते मिळवायचे. आज जगभर ‘एपी’ म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नावाने ओळखली जाणारी योजना ती हीच.

एकीकडे शाळेचा दरवाजा उघडण्याचा आदेश निघत होता, दुसरीकडे त्याच शाळेच्या आत एक वेगळी खोली बांधली जात होती. या खोलीत कोण बसणार आणि तिचा खर्च कोण देणार, याचा इतिहास आपण नीट वाचला पाहिजे. कारण तशीच खोली आता आपल्याकडेही बांधायला घेतली आहे.

ही योजना सुरू झाली ती खासगी पैशावर. फोर्ड फाउंडेशनने काढलेल्या ‘फंड फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ एज्युकेशन’ने तिला पैसा पुरवला. अँडोव्हर, एक्झिटर आणि लॉरेन्सविल या तीन श्रीमंत निवासी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे एकत्र बसली. १९५२ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यांची अडचण काय होती? आमच्या शाळेत मुले इतकी शिकून जातात की कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्यांना तेच ते पुन्हा शिकावे लागते, त्यांचा वेळ वाया जातो. अडचण खोटी नव्हती. पण ती कुणाची होती, हेही बघा. १९५६ मध्ये कॉलेज बोर्डाने ही परीक्षा आपल्या हाती घेतली तेव्हा देशभरातल्या १०४ शाळांतून १,२२९ मुले तिला बसली. एवढ्या मोठ्या देशात एवढीच.

गंमत अशी की याच फंडाच्या पैशातून त्याच काळात कृष्णवर्णीयांच्या शाळांच्या दुरवस्थेचा मोठा अभ्यासही झाला. हॅरी ॲशमोर यांनी त्यावर लिहिलेले पुस्तक १९५४ मध्येच, ब्राऊन निकालाच्या तोंडावर आले. याच फंडाने पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना थेट कॉलेजात घेण्याचा आणखी एक प्रयोग केला आणि त्यात फिस्क हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठही होते. म्हणजे हे लोक काही आंधळे नव्हते. त्यांना दोन्ही प्रश्न दिसत होते. फरक एवढाच की एका प्रश्नाला अहवाल मिळाला आणि दुसऱ्याला कायमची व्यवस्था. ‘कृष्णवर्णीय मुलांना लवकर कॉलेज झेपेल का’ अशी शंका घेणाऱ्यांसाठी एक नोंद: मार्टिन ल्यूथर किंग १९४४ मध्ये, पंधराव्या वर्षी, अकरावीनंतर थेट मोअरहाऊस कॉलेजात दाखल झाले होते. महायुद्धामुळे कॉलेजात मुले कमी पडत होती, म्हणून प्रवेश परीक्षा घेऊन दार उघडले गेले. जागा रिकाम्या असल्या की योग्यता लगेच दिसू लागते.

इथे थोडे थांबून बाबासाहेबांकडे जाऊ. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. ते भाषण म्हणजे भावनिक आवाहन नव्हे, अर्थसंकल्पाचे वाचन आहे. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून अधिक गोळा करते, हे त्यांनी समोर ठेवले. मग समाजांची तुलना केली: प्राथमिक शिक्षणात कोण कुठे, माध्यमिकमध्ये कोण कुठे, कॉलेजात कोण कुठे. कॉलेजच्या रकान्यात अस्पृश्य वर्ग जवळपास शून्यावर होता. त्यावरून त्यांनी जो मुद्दा मांडला तो शंभर वर्षांनीही अर्थसंकल्प वाचायला पुरतो: सगळ्यांना समान पातळीवर आणायचे असेल तर मागे ठेवलेल्यांना जाणीवपूर्वक झुकते माप द्यावे लागेल, सर्वांना सारखे वाटून भागणार नाही. अमेरिकेचा हिशोब मी याच मोजपट्टीने तपासतो आहे.

एपीवर सार्वजनिक पैसा हळूहळू आला. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका घाबरली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने शाळांतल्या गणित-विज्ञानासाठी आणि हुशार मुले चाचण्यांनी हेरण्यासाठी पैसा दिला. ‘हेरणे’ हा शब्द लक्षात ठेवा. ज्याला हेरायचे तो आधी नजरेच्या टप्प्यात तरी हवा. पुढे राज्ये उतरली. १९८४ मध्ये साउथ कॅरोलिनाने कायदा करून एपीचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क यांचा भार स्वतःवर घेतला. १९८५ मध्ये मिनेसोटाने वेगळा रस्ता धरला. तिथले गव्हर्नर रुडी पर्पिच यांच्या काळात अकरावी-बारावीच्या मुलांना सरळ कॉलेजात जाऊन विषय शिकता येईल, त्याचे पैसे राज्य भरेल आणि क्रेडिट दोन्हीकडे धरले जाईल असा कायदा झाला. याला आज ‘ड्युअल एन्रोलमेंट’ म्हणतात.

मिनेसोटाच्या कायद्यात एक मजेशीर कलम होते. या योजनेमुळे तुमचे पैसे वाचतील अशी जाहिरात करायला कॉलेजांना बंदी होती! शाळांना भीती होती की मुले गेली तर अनुदानही जाईल. परिणाम काय झाला असेल ते समाजशास्त्र न शिकलेल्यालाही कळेल. ज्यांच्या घरात कॉलेजात गेलेली माणसे होती त्यांना ही योजना जेवणाच्या टेबलावर कळली. ज्यांच्या घरी कुणीच कॉलेजात गेले नव्हते त्यांना ती कळण्याचा मार्गच नव्हता. बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते याहून सोपे करून सांगता येणार नाही. ही बंदी सैल व्हायला २०१४ साल उजाडले.

आता ईस्ट लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमधली १९८२ सालची हकिगत. मेक्सिकोतून आलेल्या मजुरांच्या वस्तीतली शाळा. हायमे एस्कालांते नावाच्या, बोलिव्हियातून आलेल्या शिक्षकाने तिथे कॅल्क्युलस शिकवायला घेतले. त्या वर्षी १८ मुले एपी कॅल्क्युलस उत्तीर्ण झाली आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला संशय आला. १४ जणांवर कॉपीचा ठपका आला. त्यातल्या १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि १२ च्या १२ पुन्हा उत्तीर्ण झाले. यावर १९८८ मध्ये ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट निघाला, तो अनेकांनी पाहिला असेल. परीक्षकांकडे कारण नव्हते असे मी म्हणत नाही. उत्तरांत सारख्या चुका आढळल्या असे त्यांचे म्हणणे होते. पण अधिकृत उत्तीर्ण मुलांना आपली गुणवत्ता दुसऱ्यांदा सिद्ध करावी लागते, हे आपल्या पोरांना सांगायची गरज नाही. ‘कोट्यातून आलास का?’ हा प्रश्न ज्याने कॉलेजच्या पहिल्या दिवशी ऐकला आहे, त्याला गारफिल्ड कुठे आहे हे नकाशात शोधावे लागत नाही.

चित्रपट मात्र एक गोष्ट लपवतो. एका ध्येयवेड्या शिक्षकाने हे घडवले असे दाखवले की सरकारला हायसे वाटते. खरे तर एस्कालांतेंनी अनेक वर्षे खालच्या इयत्तांपासून गणिताची साखळी उभी केली होती, मुख्याध्यापकाचा पाठिंबा होता, उन्हाळी वर्ग होते. १९९१ मध्ये ते शाळा सोडून गेले आणि पुढच्या काळात तो कार्यक्रम उतरणीला लागला. चमत्कार माणसाबरोबर निघून जातो. लेखाशीर्ष मात्र अर्थसंकल्पात राहते, जर कुणी ते पुसले नाही तर.

माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला सर्वात महत्त्वाचा प्रसंग १९९९ चा आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २०९ मंजूर केला आणि सरकारी विद्यापीठांत वंशाचा विचार करून प्रवेश देणे बंद झाले. आपल्या भाषेत, आरक्षणासारखे जे काही होते ते गेले. ‘आता फक्त गुणवत्ता’ असे सांगितले गेले. ही गुणवत्ता मोजायची कशी? कॅलिफोर्निया विद्यापीठ एपी विषयाला जादा गुण देत असे. साध्या विषयात ‘ए’ मिळाला तर ४ गुण, एपीत ‘ए’ मिळाला तर ५. बर्कली आणि लॉस एंजेलिसला ज्यांना प्रवेश मिळे त्यांची सरासरी ४ च्या वर जाऊ लागली. म्हणजे ज्या शाळेत एपी नाही, तिथल्या पहिल्या आलेल्या मुलीने सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी मिळवले तरी ती शर्यतीत मागेच.

इंगलवूड हायस्कूलमध्ये जवळपास सगळी मुले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती. तिथे एपीचे तीन विषय होते आणि त्यात गणित नाही, विज्ञान नाही. थोड्याच अंतरावर असलेल्या बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत एपीच्या वर्गांची रांग लागलेली होती. जुलै १९९९ मध्ये नागरी हक्क वकिलांच्या एसीएलयू या संघटनेने इंगलवूडच्या विद्यार्थ्यांच्या वतीने राज्य सरकारवर खटला भरला: डॅनियल विरुद्ध कॅलिफोर्निया राज्य. युक्तिवाद सरळ होता. प्रवेशाचा निकष राज्याने ठरवला, मग तो पूर्ण करण्याची संधी सर्व शाळांत देणे हेही राज्याचेच काम. नसेल तर तो निकष नसून कुंपण आहे. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, राज्याने एपी चॅलेंज ग्रँट नावाची अनुदान योजना आणली. ज्या शाळांत एपी नव्हते किंवा कमी होते त्यांनी ते सुरू करावे म्हणून.

दाव्यानंतर वर्षभरात पैसा निघाला. शाळांची ती परिस्थिती मात्र वर्षानुवर्षे तीच होती आणि खात्याला माहीत होती. आकडे सरकारकडे आधीही होते, फक्त ते कुणी न्यायालयात ठेवले नव्हते.

केंद्राची गोष्ट आणखी शिकवून जाते. १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने गरीब विद्यार्थ्यांचे एपी परीक्षा शुल्क भरण्यासाठी स्वतंत्र योजना मंजूर केली. २०१५ च्या सुमारास तिच्यावर वर्षाला सुमारे २.८ कोटी डॉलर खर्च होत होते. अमेरिकेच्या मानाने ही रक्कम म्हणजे किरकोळ. पण नाव होते, शीर्ष होते, लाभार्थी ठरलेला होता. डिसेंबर २०१५ मध्ये नवा शिक्षण कायदा आला आणि ही योजना स्वतंत्र राहिली नाही. ती एका मोठ्या एकत्रित अनुदानात मिसळली. त्याच अनुदानातून समुपदेशन, आरोग्य, कला, संगणक, शाळेची सुरक्षितता हे सगळे करायचे. कायद्यात या अनुदानाला सुमारे १६० कोटी डॉलरपर्यंत मुभा होती, पहिल्या वर्षी प्रत्यक्षात ४० कोटी मिळाले. जिल्ह्यांना सांगितले गेले, तुम्हाला स्वातंत्र्य आहे, हवे तर यातून एपीचे शुल्क भरा. परीक्षेचे शुल्क तेव्हा ९३ डॉलर होते. पूर्वी अनेक राज्यांत गरीब मुलाला काहीच किंवा नाममात्र पैसे भरावे लागत. केंद्राचा आधार गेल्यावर, जिथे राज्याने स्वतः खिशात हात घातला नाही तिथे सवलत धरूनही त्याच्यावर एका विषयाचे ५३ डॉलर आले. तीन विषय घेतले तर १५९.

अनुसूचित जाती उपयोजनेचा अभ्यास केलेल्या कार्यकर्त्याला हे वाचून काहीतरी ओळखीचे वाटेल. स्वतंत्र तरतूद काढून ‘सर्वसाधारण’ कामात मिसळली की कागदावर रक्कम वाढलेली दिसते आणि वस्तीत पोचणारी कमी होते. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये उपयोजनेच्या निधीसाठी कायदे केले ते याच अनुभवातून.

तरीही ‘स्वतंत्र लेखाशीर्ष’ एवढे म्हणून भागत नाही. पैसा कोणत्या अटीवर दिला जातो तेही पाहावे लागते. फ्लोरिडात एपी परीक्षेत ३ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या प्रत्येक मुलामागे शाळेला जादा निधी मिळतो आणि शिक्षकाला ५० डॉलर बक्षीस. याने एपी वर्ग खूप वाढले, हे मान्य केले पाहिजे. सर्वात खालच्या श्रेणीच्या शाळांतल्या शिक्षकाला एक मूल उत्तीर्ण झाले तरी ५०० डॉलर, अशीही तरतूद आहे आणि ती चांगली आहे. पण मूळ चाल तीच: निकालामागे पैसा. निकाल ज्यांचा आधीच चांगला, पैसा त्यांच्याकडे. स्पर्धेने वाटल्या जाणाऱ्या अनुदानांचे याहून वाईट. अर्ज लिहायला ज्या जिल्ह्याकडे वेगळा कर्मचारी आहे तोच अर्ज जिंकतो. आपल्या संस्थांना प्रस्ताव लिहिताना येणारा घाम मला ठाऊक आहे. गरीब शाळेचा मुख्याध्यापक तो प्रस्ताव कधी लिहिणार?

शिक्षकाचा प्रश्न त्याहून खोल. हायर लर्निंग कमिशन या मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये स्पष्ट केले की शाळेत कॉलेज-क्रेडिटचा विषय शिकवणाऱ्याकडे त्या विषयातली पदव्युत्तर पदवी हवी, किंवा दुसरी पदव्युत्तर पदवी असल्यास त्या विषयातली निदान १८ क्रेडिट हवीत. दर्जासाठी हे योग्यच. पण असे शिक्षक कुठल्या शाळेत टिकतात? शुल्क भरणे हा स्वस्त भाग आहे. तो केला की मंत्र्याला फोटो मिळतो. शिक्षक घडवणे हा महाग भाग आहे आणि तिथे पैसा नेहमी आटतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचे २०११-१२ चे आकडे हेच बोलतात: हायस्कूलमधल्या मुलांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो ३७ टक्के, एपी वर्गात बसणाऱ्यांत २७ टक्के आणि उत्तीर्ण होणाऱ्यांत १८ टक्के. तीन पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर गळती. पहिली गळती दाराची, दुसरी शिकवण्याची.

काही मित्र विचारतील, आणि माझ्या अभ्यासवर्गात एकाने विचारलेही, की हे असले चोचले कशाला? आधी आठवीच्या मुलाला वाचता येऊ द्या. हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण ‘आधी पाया, मग कळस’ हे आपल्याला नेहमी दुसरेच कुणी सांगत आले आहेत आणि सांगणाऱ्याची मुले तोवर कळसावर बसलेली असतात. बाबासाहेबांनी प्राथमिक शिक्षणासाठी भांडतानाच १९४० च्या दशकात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची शिष्यवृत्ती मिळवली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उभे केले. त्यांनी एकासाठी दुसरे थांबवले नाही.

कुठल्या ज्ञानाला क्रेडिट मिळते, हाही पैशाचाच प्रश्न आहे. २०२२ मध्ये कॉलेज बोर्डाने कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि संस्कृती यावरचा एपी विषय प्रयोग म्हणून सुरू केला. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडाने तो नाकारला. ऑगस्ट २०२३ मध्ये, शाळा सुरू होता होता, अर्कान्सासच्या शिक्षण खात्याने कळवले की त्या वर्षी या विषयाला राज्याची मान्यता नाही आणि इतर एपी विषयांचे परीक्षा शुल्क राज्य भरते तसे याचे भरणार नाही. ज्या शाळांनी तरीही वर्ग चालू ठेवला त्यात लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल होते. १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना आत नेण्यासाठी जिथे केंद्राला लष्कर पाठवावे लागले, तीच शाळा. एकेकाळी दारावर शिपाई उभे करून अडवले, आता शुल्काचा रकाना रिकामा ठेवून.

आता आपल्याकडे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आणि एप्रिल २०२३ मध्ये नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क जाहीर झाले. त्यात शालेय शिक्षणापासून पीएचडीपर्यंत सगळे क्रेडिटमध्ये मोजायची आणि साठवायची सोय आहे. वर्गाबाहेरचे कौशल्य, ऑनलाइन अभ्यासक्रम, सगळे जमेला धरता येईल. कागदावर हे आपल्या मुलांसाठी चांगलेही ठरू शकते. पण ‘साठवता येईल’ म्हणजे ‘कमावता येईल’ नव्हे. एनपीटीईएलचे वर्ग फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क आहे. मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांत एपी आणि आयबी आधीच आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून कनिष्ठ महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीकडे त्या बँकेत भरायला काय असेल?

ज्या कार्यकर्त्यांना माहितीचा अधिकार वापरता येतो, त्यांनी आपापल्या जिल्ह्यात सहायक आयुक्त, समाजकल्याण आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे या वर्षी एवढे विचारावे: अनुसूचित जातीच्या अकरावी-बारावीच्या किती विद्यार्थ्यांचे क्रेडिट खाते उघडले, त्यातल्या किती खात्यांत प्रत्यक्ष क्रेडिट जमा आहे, जादा अभ्यासक्रमाचे आणि परीक्षेचे शुल्क कोणत्या लेखाशीर्षातून दिले, आणि त्या लेखाशीर्षात गेल्या तीन वर्षांत किती तरतूद झाली, किती खर्च झाली, किती परत गेली. उत्तर आले की तालुकावार तक्ता करून पाठवा. इंगलवूडच्या वकिलांनीही सुरुवात दोन शाळांच्या वेळापत्रकांपासूनच केली होती.